दोन 'सेकंड कमिंग'

योगायोग बघा. १९९० साली मुंबईच्या 'रॉक मशीन' बँडचा दुसरा अल्बम आला, 'द सेकंड कमिंग'. १९९४ला मँचेस्टरच्या 'स्टोन रोझेस'चाही दुसराच अल्बम आला, 'सेकंड कमिंग'. पाच वर्षं वाट बघून बसलेल्या तिकडच्या समीक्षकांनी त्याला पार सोलून काढलं. गिटारचा नुसता मारा, पहिल्या अल्बमची जादू नाही, वगैरे. बाजू घेणारेही होते. ते भांडण आजही वाचायला मिळतं.

आणि आपले मुंबईकर? उदय बेनेगल, महेश तिनईकर ही मंडळी परक्यांची गाणी वाजवता वाजवता स्वतःच्या गाण्यांवर आलेली. १९८८च्या पहिल्या अल्बमपेक्षा ती पुढे गेली की तिथंच राहिली, हे कुणीतरी बारकाईनं मांडायला हवं होतं. पण रॉकला वाहिलेलं 'रॉक स्ट्रीट जर्नल' निघालं १९९३ला, तेही मुंबईतून नव्हे, अलाहाबादेतून! त्याच वर्षी 'इंडस क्रीड' या नव्या नावानं बँडला एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला. तोही प्रेक्षकांच्या मतांवर.

हे नगरात बसून का सांगतोय? संगमनेरच्या कांताबाई सातारकर २०२१ला गेल्या. श्रद्धांजल्या भरपूर आल्या. पण त्यांचा कुठला वग रंगला, कुठला पडला आणि का, हे उद्या एखाद्या अभ्यासकानं विचारलं तर कुठलं कात्रण काढून देणार? आपल्याकडच्या बातमीत दीपप्रज्वलन कुणी केलं ते असतं, आभार कुणी मानले तेही असतं. गाणं कसं झालं, तेवढं राहतं.

जत्रांच्या हंगामात यंदा कुणी नवा वग पाहिला असेल, तर लिहा. पाहुण्यांची यादी नको.