फर्मान आणि फौज

उमरीस इतिहास शिकवीत असता एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, “गुरुजी, १९४८ साली आपल्याकडे रणगाडे आले, सेनापतीच राज्यपाल झाला, मग तिला ‘पोलीस ॲक्शन’ का म्हणावयाचे?” त्या दिवशी मी वेळ मारून नेली.

परमुलखाचा ताबा घेणाऱ्या सैन्याने तेथे कसे वागावे, याचे नियम १९०७ साली हेग येथे ठरले. ताबा घेणारा हा मालक नव्हे, राखणदार. राखणदाराने पीक सांभाळावे, शेताची वाटणी करू नये, असे त्यांचे मर्म आपल्या शेतकऱ्यास सांगता येईल. शांतता राखावी, खासगी मालमत्ता जप्त करू नये आणि अगदीच निरुपाय झाल्याखेरीज चालू कायदे मोडू नयेत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आले व मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी राज्यपाल झाले. परंतु १९ तारखेस निजामांनी फर्मान काढून राज्यकारभाराचा सर्व अधिकार त्यांच्या हवाली केला आणि मग सुरक्षा समितीपुढील आपली तक्रारही मागे घेतली. म्हणजे सत्ता आली फौजेच्या बळावर, पण कायद्याच्या दृष्टीने चौधरी ठरले निजामांचे मुखत्यार! जुने कायदे चालू राहिले. नव्या विनियमांवरही फसली सनच पडत असे.

कारभाराच्या अधिकारात कायदे करण्याचा अधिकार येतो काय, ही शंका मात्र राहिली. तो येतो, किंबहुना पहिल्यापासूनच होता, असे ७ ऑगस्ट १९४९ च्या दुसऱ्या फर्मानाने जाहीर केले. १२ ऑगस्टला जिनिव्हा येथे युद्धकाळातील नागरिकांच्या रक्षणाचा करार झाला आणि १५ ऑगस्टला चौधरींनी जहागिरी रद्द केल्या. हेगच्या राखणदारास एवढे धाडस कधीच करता आले नसते. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६० साली न्यायालयाने तो विनियम वैध ठरविला. ज्या शिक्क्याने जहागिरी दिल्या गेल्या, त्याच शिक्क्याच्या जोरावर त्या गेल्या, याची मला मोठी मौज वाटते.

परंतु चित्राची दुसरी बाजू सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही. रझाकारांचे अत्याचार या भागाने भोगले होते. जानेवारी १९४८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या सैनिकांनी उमरीची बँक लुटली, ती त्याच लढ्यासाठी. तथापि पोलीस ॲक्शननंतर निरपराध मुसलमान रहिवाशांची जी कत्तल झाली, तिचे काय? भारत सरकारने पाठविलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत आपले नांदेड धरले. मुलूख जिंकलेला म्हणा की फर्मानाने मिळालेला; निःशस्त्र रयतेचे रक्षण हे सत्ताधीशाचे पहिले कर्तव्य. कागद चोख होते, हे कर्तव्य पार पडले नाही. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी याचा खटला विशेष न्यायाधिकरणापुढे चालला व त्यास सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागता आली. खेड्यापाड्यांतील विधवांना तेवढेही दार उघडे नव्हते.

१९४९ च्या अखेरीस लष्करी राजवट संपली. २६ जानेवारी १९५० रोजी निजाम राजप्रमुख झाले. सुंदरलाल समितीचा अहवाल मात्र त्यानंतर कित्येक दशके सरकारी दप्तरात बंद राहिला.