मानसिक उपचार घेताना माणूस कुठे अडतो? कोल्हापुरातील चित्र

घरात कुणाला कावीळ झाली तर गल्लीतली चार माणसे चार डॉक्टरांची नावे सांगतात. झोप लागत नाही, सारखे रडू येते, जगावेसे वाटत नाही असे कुणी म्हटले की मात्र उत्तर ठरलेले असते, "एवढं टेन्शन घेऊ नकोस." बहुतेकांचा विषय तिथेच संपतो. प्रौढ माणसे मानसिक उपचारांपासून लांब का राहतात आणि जी जातात ती कशाच्या बळावर जातात, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचे गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते.

डॉक्टर कमी आहेत हे खरेच. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अनेक देशांतील सर्वेक्षणांत पहिले कारण पैसा किंवा अंतर हे नव्हते. "मला उपचारांची गरजच नाही" असे वाटणे, हे ते कारण होते. "माझे मी बघून घेईन" म्हणणारेही पुष्कळ होते. आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळते. मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत बोलते. छातीत धडधड, डोके जड, पित्त, हातापायाला मुंग्या. मग रक्त तपासले जाते, फोटो काढले जातात, सगळे 'नॉर्मल' येते आणि घरचे म्हणतात, नाटक करतोय.

दुसरी अडचण शब्दांची. कोल्हापुरात 'खुळा' हा शब्द मायेनेही वापरतात आणि अपमान करायलाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो तर लोक खुळ्यात काढतील, ही भीती साधी नाही. त्यात येरवडा आणि रत्नागिरी ही नावे चेष्टेत वापरण्याची जुनी सवय. प्रत्यक्षात मानसोपचार घेणाऱ्या बहुतेकांना दाखल व्हावेच लागत नाही, ते ओपीडीत दाखवून घरी जातात. पण स्थळ बघायला आलेल्यांच्या कानावर काय जाईल, याचा धाक डॉक्टरच्या सल्ल्यापेक्षा मोठा ठरतो.

आपल्या समाजात या भीतीला आणखी एक पदर आहे. जातीचा एक शिक्का आधीच आहे, त्यावर दुसरा कशाला? शिवाय समोरचा समुपदेशक आपले ऐकून घेईल का, ही शंका असते. कामाच्या ठिकाणी रोज होणारा पाणउतारा सांगितला आणि "तुम्ही फार मनाला लावून घेता" असे उत्तर मिळाले, तर तो माणूस पुन्हा कशाला जाईल? आमच्या मते ही शंका वाजवी आहे. एक समुपदेशक पटला नाही तर दुसरा शोधावा. उपचारच सोडू नयेत.

रोजंदारीचा प्रश्नही आहेच. शिरोली एमआयडीसीतला कामगार किंवा इचलकरंजीतला यंत्रमाग कामगार सकाळच्या ओपीडीला आला की त्याचा खाडा पडतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर घरांचे, पिकांचे पंचनामे झाले. उडालेल्या झोपेला पंचनाम्यात रकाना नसतो.

देवऋषी आणि गंडेदोरे यांबद्दल वेगळे सांगायला नको. फक्त कायदा लक्षात ठेवावा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. दुसरी चूक मात्र आपल्यातलीच. कुणाला नैराश्य आले की "दहा दिवसांच्या शिबिराला जा" हा सल्ला सर्रास दिला जातो. हातकणंगले तालुक्यात आळते येथे विपश्यना केंद्र आहे, पण गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला बसू नये, असे विपश्यनेच्या नियमावलीतच सुचवलेले असते. साधना ही औषधाची जागा घेत नाही.

मग माणूस जातो कधी? बहुधा जवळचे कुणी "चल, मी येतो बरोबर" म्हणते तेव्हा. प्रतिष्ठित माणूस उघडपणे गेला तर इतरांचा संकोचही कमी होतो. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले. त्या चहाने जे केले ते नुसत्या उपदेशाने झाले नसते. आपल्यातला एखादा शिक्षक किंवा विहाराचा पदाधिकारी "मीही गोळ्या घेतल्या होत्या" असे चारचौघांत म्हणाला, तर ऐकणाऱ्याची अर्धी भीती जाईल.

गोळ्यांबद्दलही गैरसमज फार. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला मात्र काही आठवडे लागतात आणि डॉक्टरांना न विचारता त्या एकदम बंद करू नयेत. सवय लागण्याचा धोका असतो तो झोपेच्या काही गोळ्यांचा, आणि नेमक्या त्याच लोक चिठ्ठीशिवाय मागतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार जात, धर्म, लिंग असा भेद न करता उपचार मिळणे हा हक्क आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे हा कायदा धरून चालतो. त्यामुळे पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नये.

जिल्ह्यात सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येते. पहिल्या भेटीत मुख्यतः प्रश्न विचारले जातात: झोप, भूक, काम, दारू, घरातले वातावरण, मरणाचे विचार. आधीच्या चिठ्ठ्या आणि चालू औषधे सोबत न्यावीत. बरोबर गेलेल्याने रुग्णाला थोडा वेळ डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे. रात्री-अपरात्री कुणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर त्याला एकटे सोडू नये आणि १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावावा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते.