पाण्यावरची फटफटी

वल्ही मारणे ही दुरून पाहायला मोठी रम्य गोष्ट आहे. चित्रांत आणि सिनेमांत नायक-नायिका होडीत बसलेली असतात, पाणी संथ असते आणि वल्ही जणू आपोआपच वर-खाली होत असतात. ज्याने उलट्या वाऱ्यात अर्धा कोस तरी होडी वल्हवली आहे, त्याला मात्र खरे काय ते विचारावे. तळहाताला फोड येतात, खांदे भरून येतात आणि किनारा जवळ येण्याऐवजी मागे मागेच सरकतो आहे की काय, असे वाटू लागते. माणसाने हजारो वर्षे हा शीण मुकाट्याने सोसला. मग शंभर-सव्वाशे वर्षांमागे त्याने होडीच्या पाठीशी एक लहानसे यंत्र लटकावले आणि वल्ही बाजूला ठेवली. त्या यंत्राची, ते घडवणाऱ्या एका नवरा-बायकोची आणि ते भंगारात जाऊ नये म्हणून आज जिवाचे रान करणाऱ्या छांदिष्टांची ही हकीकत आहे.

होडीला यंत्र जोडण्याची कल्पना कोणा एकट्याची नव्हे. वाफेच्या बोटी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत होत्या; पण वाफेचे इंजिन म्हणजे बॉयलर आला, कोळसा आला आणि तो सांभाळणारा माणूसही आला. चार माणसांच्या होडीत एवढा संसार चढवायचा तर चौघांनी खाली उतरावे! १८८१ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे याने सीन नदीवर विजेच्या मोटरीने होडी चालवून दाखवली. त्याची मोटर सुकाणूलाच जोडलेली होती आणि ती काढून नेता येत होती. पुढे १८८६ साली जर्मनीत गोट्लीब डाइमलर याने आपले पेट्रोलचे इंजिन एका होडीत बसवून नेकार नदीवर फेऱ्या मारल्या. लोकांना पेट्रोलची भारी धास्ती. हा मनुष्य एक दिवस होडीसकट उडणार, असे त्यांना वाटे. तेव्हा डाइमलरने एक युक्ती केली, असे सांगतात. त्याने होडीच्या कडेने तारा ताणल्या आणि त्यांना चिनी मातीचे गट्टू बसवले. होडी विजेवर चालते अशी बघ्यांची समजूत झाली आणि ते निर्धास्त झाले. नव्या गोष्टीला कधी कधी असा बुरखा घालूनच लोकांपुढे यावे लागते!

आपल्या हकीकतीचा नायक मात्र अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वाढला. त्या राज्यात लहान-मोठी मिळून १५ हजारांच्या घरात तळी आहेत. ओले एव्हिनरूड हा मूळचा नॉर्वेचा. जन्म १८७७ चा. तो लहान असतानाच त्याचे कुटुंब समुद्र ओलांडून विस्कॉन्सिनमध्ये एका तळ्याकाठी शेती करू लागले. ओलेचे शाळेतले शिक्षण अगदीच बेताचे झाले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो घर सोडून कारखान्यांत उमेदवारी करू लागला. दिवसा लोखंडाशी झटापट करायची आणि रात्री इंजिनांची नि गणिताची पुस्तके वाचायची, असा त्याचा क्रम होता. मॅट्रिकपाशीच थांबलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराला अशा माणसाबद्दल अंमळ जास्तच आपुलकी वाटली, तर वाचकांनी ती समजून घ्यावी. पुढे मिलवॉकी शहरात तो यंत्रांचे साचे करणारा कसबी कारागीर म्हणून नावाला चढला.

याच शहरात त्याची बेस केरी या तरुणीशी ओळख झाली. १९०६ च्या सुमारास उन्हाळ्यातल्या एका दिवशी मित्रमंडळी ओकॉची नावाच्या तळ्यावर सहलीला गेली होती. ऊन रणरणत होते. बेस म्हणाली, या वेळी आइस्क्रीम मिळाले तर काय बहार होईल! आइस्क्रीमचे दुकान पलीकडच्या काठाला, अडीच मैलांवर. ओले उठला, होडीत बसला आणि वल्ही मारू लागला. जाताना अडीच मैल, येताना अडीच मैल. परत पोचेतो आइस्क्रीमचे दूध झाले होते. घामाने निथळलेला ओले त्या दिवशी मनाशी म्हणाला, की होडीला मोटर लावलीच पाहिजे. आता, इतक्या वेळा सांगितल्या गेलेल्या कथेवर थोडीबहुत कल्हई चढली असणारच. पण कादंबरीकाराने मुद्दाम रचायचा म्हटला तरी याहून सरस प्रसंग त्याला सुचणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोघांचे लग्न झाले. आइस्क्रीम वितळले, पण फुकट गेले नाही.

ओलेच्या आधी १९०५ साली डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमन याने होडीला मागून अडकवायचे पेट्रोलचे यंत्र केले होते. तेव्हा पहिलेपणाचा मान ओलेला देता येत नाही. त्याने साधले ते हे, की यंत्र सुटसुटीत केले. इंजिनाचे नळकांडे आडवे ठेवले आणि त्याचा फिरता दांडा उभा, थेट पाण्यात सोडला. खाली दोन दातेरी चाकांनी ती उभी गती आडवी केली आणि पाण्यातला पंखा फिरवला. सुकाणूची वेगळी गरजच उरली नाही; यंत्र डावी-उजवीकडे वळवले की होडी वळे. इंजिन थंड ठेवायला तळ्याचेच पाणी. लोखंड आणि पितळ यांचा हा ऐवज ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो वजनाचा होता आणि त्याची शक्ती होती अवघी दीड अश्वशक्ती. ते धूड पहिल्यांदा पाहिले तेव्हा बेस म्हणाली, की हे कॉफी दळायच्या जात्यासारखे दिसते! १९०९ साली एका मित्राने ते यंत्र तळ्यावर मासेमारीला म्हणून मागून नेले आणि येताना दहा यंत्रांची मागणी घेऊन आला. धंदा सुरू झाला तो असा. १९११ साली ओलेला पेटंट मिळाले.

हे यंत्र चालवणे म्हणजे काही बटण दाबणे नव्हते. माथ्यावर एक जड चाक, त्याला लाकडी मूठ. ती धरून चाकाला हिसडा द्यायचा. इंजिन पेटले की मूठही चाकाबरोबर गरगरा फिरे. हात वेळीच काढला नाही तर बोटांच्या सांध्यांवर असा फटका बसे, की त्या यंत्रांना तिकडे ‘बोटेफोडी’ अशा अर्थाचे नावच पडले. शिवाय इंजिन आणि पंखा सदा जोडलेले. इंजिन सुरू झाले की होडी निघालीच. बसणारा सावरून बसला आहे की नाही, याची तिला फिकीर नाही. धक्क्याला लागताना अंदाजाने आधीच इंजिन बंद करावे लागे. अंदाज चुकला तर धक्क्याला नमस्कार!

या धंद्याचे निम्मे श्रेय बेसचे आहे. घरात तान्हे मूल, आणि ही बाई हिशेब लिहिते आहे, पत्रे पाठवते आहे, जाहिराती रचते आहे. वल्ही मारत कशाला बसता, फेकून द्या ती, असे लोकांना ठणकावून सांगणारी जाहिरात तिचीच. तिच्या पत्रव्यवहारातून न्यूयॉर्कच्या एका निर्यात-व्यापाऱ्याशी संबंध जुळला आणि ओलेची यंत्रे उत्तर युरोपातल्या मासेमारांच्या होड्यांवर जाऊन बसली. सहलीतल्या एका लहरीतून निघालेली वस्तू अशी पोटापाण्याच्या कामी आली. आपल्या कोकणात आणि गोव्यातही आज अनेक लहान होड्यांच्या मागे असेच लटकते यंत्र दिसते. पहाटे जाळी घेऊन निघणाऱ्या माणसाला ओकॉची तळ्याचे नावही ठाऊक नसते. पण त्याच्या खांद्यांवरचा भार त्याच घराण्यातल्या यंत्राने हलका केलेला असतो.

अतिश्रमाने बेसची प्रकृती ढासळली. तेव्हा ओलेने भरभराटीतल्या कारखान्यातला आपला वाटा भागीदाराला विकला, पाच वर्षे या धंद्यात पाऊल टाकणार नाही असा करार करून दिला आणि बायको-मुलाला घेऊन तो हिंडत राहिला. पण कारागिराचा हात स्वस्थ बसत नाही. मुदत संपताच त्याने ॲल्युमिनियम वापरून दोन नळकांड्यांचे नवे यंत्र केले. वजन ४८ पौंड, शक्ती तीन अश्वशक्ती. जुन्या भागीदाराने ते नाकारले. तेव्हा नवरा-बायकोने १९२१ च्या सुमारास स्वतःचीच नवी कंपनी काढली. बेसने तिचे नाव ठेवले ‘एल्टो’. त्याच सुमारास जॉन्सन बंधूंनी आणखी हलके, ३५ पौंडांचे यंत्र बाजारात आणले. शर्यत लागली आणि तिचा फायदा सामान्य माणसाला मिळाला. सुटीच्या दिवशी कारकुनाने किंवा शिक्षकाने मोटर गाडीत टाकावी, तळ्यावर भाड्याची होडी घ्यावी आणि मुलाबाळांना घेऊन पैलतीराला जावे, हे शक्य झाले.

श्रीमंतांची तऱ्हा अर्थातच निराळी होती. मिशिगन राज्यातल्या अल्गोनॅक गावी ख्रिस स्मिथ हा बदकांच्या शिकारीसाठी होड्या बांधणारा सुतार होता. त्याने आणि त्याच्या मुलांनी १९२२ साली जी कंपनी काढली, ती ‘ख्रिस-क्राफ्ट’ या नावाने गाजली. महॉगनीच्या फळ्यांची, आरशासारखी चकचकीत रोगण दिलेली त्यांची लांबट होडी पाण्यावर निघाली, की काठावरची माणसे हातातले काम टाकून पाहत राहत. पहिल्या महायुद्धातून उरलेली विमानांची इंजिने आरंभी या होड्यांना बसवली होती. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यातून सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हजारो बोटी बाहेर पडल्या.

युद्धानंतर मात्र फायबरग्लासची होडी आली. तिला रोगण नको, डागडुजी नको. पावसात राहू द्या, उन्हात राहू द्या. लाकडी होडीचे तसे नाही. हिवाळाभर कोरड्या जागी ठेवली की तिच्या फळ्या आकसतात, सांधे उघडतात. पहिल्यांदा पाण्यात सोडली की ती गळते आणि लाकूड पाणी पिऊन फुगले, की सांधे आपोआप मिटतात. दर वर्षी घासायचे, दर वर्षी रोगणाचे हात द्यायचे. एवढी उस्तवार कोण करणार? १९५० नंतरच्या वीस वर्षांत कितीतरी देखण्या लाकडी होड्या गोठ्यांत कुजल्या, नाहीतर जळणात गेल्या. एव्हिनरूडची जुनी यंत्रे माळ्यांवर गंजत पडली.

ती वाचवली सरकारने नव्हे. छंदी माणसांनी वाचवली. सेंट लॉरेन्स नदीकाठच्या क्लेटन गावी साठीच्या दशकात जुन्या होड्यांचा मेळावा भरू लागला आणि तिथेच पुढे त्यांचे संग्रहालय उभे राहिले. १९६५ साली जुन्या मोटरींच्या शौकिनांनी ‘अँटीक आउटबोर्ड मोटर क्लब’ काढला. १९७५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जच्या काठी ‘अँटीक अँड क्लासिक बोट सोसायटी’ स्थापन झाली. मोटरवाले तळ्याकाठी जमतात, आपापली यंत्रे साध्या होड्यांना अडकवतात आणि दोऱ्या ओढू लागतात. एखादे पहिल्याच हिसड्याला बोलते. एखादे दुपारपर्यंत रुसून बसते आणि मग आजूबाजूचे चौघे आपले यंत्र सोडून त्याच्या सेवेला लागतात. जो भाग बाजारात मिळत नाही तो घरी घडवायचा, जुन्या माहितीपत्रकाची नक्कल दुसऱ्याला द्यायची, आणि एखाद्या म्हाताऱ्याकडून ठिणगी नीट कशी लावायची ते शिकून घ्यायचे. हे ज्ञान पुस्तकांत पुरते उतरलेले नाही. ते हातात असते आणि हातातूनच दुसऱ्या हातात जाते.

या छंदाला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या यंत्रांत पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते आणि त्यातले बरेचसे न जळताच बाहेर पडते. धूर हवेत, तवंग पाण्यावर आणि गोंगाट काठच्या माणसांच्या कानांत! ज्या तळ्याच्या प्रेमाने माणूस तिथे आला, त्याच तळ्याला त्याच्या मोटरीने घाण केले. अमेरिकन सरकारने १९९६ साली या धुरावर नियम घातले आणि लेक टाहो या नितळ सरोवरावर १९९९ पासून जुन्या धाटणीच्या अशा मोटरींना बंदी आली. माझ्या मते हे योग्यच झाले. वर्षातून दोन-चार दिवस तासभर चालणारे जुने यंत्र तळ्याला सोसते. रोज शेकडो यंत्रे चालली तर ते सोसणार नाही. आता विजेच्या मोटरी पुन्हा होड्यांच्या मागे दिसू लागल्या आहेत. सीन नदीवर १८८१ साली त्रूव्हेने जे दाखवले, तिकडेच गाडी वळली म्हणायची.

बेस १९३३ साली वारली आणि पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, ओलेही गेला. त्यांच्या कंपनीतून वाढत गेलेला मोठा उद्योग २००० साली दिवाळखोरीत निघाला. एव्हिनरूड हे नाव दुसऱ्यांनी विकत घेतले आणि २०२० साली त्या नावाच्या मोटरींचे उत्पादनही थांबले. कारखाना गेला, मालक गेले. राहिले ते हे छांदिष्ट. गंमत अशी, की ओलेने हे यंत्र केले ते माणसाचे श्रम वाचावेत म्हणून. आणि आज तेच यंत्र जगवण्यासाठी माणसे सुटीचा सगळा दिवस हात काळे करून घेतात, बोटे सोलून घेतात आणि संध्याकाळी हसतमुखाने घरी जातात. शीण नकोसा होतो तो लादलेला असतो म्हणून; आवडीने पत्करलेला शीण माणूस पुन्हा पुन्हा मागून घेतो.

आणि एक सांगायचे राहिलेच. बेसच्या त्या जाहिरातीला मान देऊन कोणी अजून वल्ही फेकून दिलेली नाहीत. शंभर वर्षांचे यंत्र तळ्याच्या मध्यावर कधी मौन धरील याचा नेम नसतो. म्हणून शहाणा माणूस होडीच्या तळाशी वल्ह्यांची एक जोडी ठेवूनच निघतो.