तगरचें वस्त्र आणि पैठणचा विणकर

ढोकीच्या शेजारचें, तेरणेच्या कांठचें तेर आज गोरोबाकाकांचें गांव म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकांत त्याची कीर्ति वस्त्रांमुळें समुद्रापार पोंचली होती. इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें मोठें नगर असल्याचें सांगितलें आहे. तेथील पुष्कळसें जाडेंभरडें कापड, नाना तऱ्हेची मलमल आणि ‘मोलोकिना’ नांवाचें वस्त्र गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखांतून भडोच बंदरास जात असे. तगर म्हणजेच तेर, हें फ्लीट यांनीं १९०१ मध्यें प्रतिपादिलें.

मोलोकिना हें नांव एका फुलझाडाच्या ग्रीक नांवावरून पडलें. वस्त्र त्या फुलाच्या जांभळट रंगाचें होतें, कीं त्या झाडाच्या वाखाचें, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. व्यापाऱ्यास मालाच्या नांवापुरतें काम. रंग कोणीं योजिला, पट्टा किती रुंद धरला, हें तो कशास लिहील? कापडही मातींत गेलें. राजांचीं नाणीं आपण भिंगाखालीं धरून वाचतों. ज्यांच्या हातांनीं हें नगर संपन्न झालें, त्यांपैकीं एकाचेंही नांव त्या ग्रंथांत नाहीं.

दक्खनचीं जुनीं वस्त्रें डोळ्यांनीं पाहावयाचीं तर अजंठ्यासच जावें लागतें. तेथील पांचव्या शतकांतील चित्रांत माणसांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांचीं वस्त्रें आहेत. छतांवर कमळें आहेत. दुसऱ्या लेण्यांत हंसांची रांग आहे. हींच कमळें, हेच हंस पैठणीच्या पदरावर उतरले, असें मानण्याची रूढि आहे. पण ‘उतरले’ हा शब्द फार सोपा झाला. चित्रकाराची रेघ हवी तशी वळते. मागावरील धागा वळत नाहीं. उभा आणि आडवा, एवढेंच त्याचें जग. म्हणून पाकळीची गोलाई विणकरास पायऱ्या पायऱ्यांनीं साधावी लागते, आणि प्रत्येक पायरीस उभे धागे किती घ्यावयाचे हें मोजावें लागतें. चूक झाली तर तितकें विणकाम उसवावें लागतें. प्रत्येक रंगाची कांडी निराळी; जेथें दोन रंग भेटतात तेथें त्यांचे धागे एकमेकांत अडकवून मागें फिरवावयाचे. बांगडी-मोराची बांगडी वाटोळी दिसते, तींत एकही रेघ खरोखर वांकडी नसते. कल्पना फुलांत सुचते खरी, पण तिला रूप येतें तें या मोजणींत.

रंगाचेंही तसेंच. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, म्हणजे धूपछांव साधते; ती चित्रकारास न मिळणारी, मागाचीच देणगी होय.

पैठणीवरील राघू रानांतल्या राघूहून जरा कोनाकोनांचा असतो तो यामुळेंच. पदर उलटून पाहिला तरी मागें सुटे धागे लोंबत नाहींत. तोच राघू तेथेंही बसलेला असतो, फक्त त्याची चोंच दुसऱ्या दिशेस वळलेली असते.