खाड्याचे पैसे

उर्दूत ज्याला 'नागा' म्हणतात त्याला मराठीत 'खाडा' म्हणतात. दोन्ही शब्द मी वर्गात एकत्रच शिकवतो. ज्यांच्या घरातले कुणी ना कुणी लूमवर जाते, त्या मुलांना हा अर्थ फळ्यावर लिहून द्यावा लागत नाही. कारीगर कामावर गेला नाही की त्या दिवसाची मजुरी बुडाली, एवढाच तो अर्थ. मार्च 2020मध्ये साऱ्या देशाचाच खाडा झाला. लूम थांबले आणि घराघरात एकच प्रश्न उभा राहिला. काम मालकाने बंद केले नाही, कारीगरानेही केले नाही, मग या दिवसांचे पैसे कुणाच्या अंगावर?

आज ज्या खेळाविषयी लिहितो आहे तो आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही. रग्बी. पण याच प्रश्नावरून हा खेळ एकदा दुभंगला होता, आणि करोनाच्या काळात सव्वाशे वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा त्याच्या दारात येऊन उभा राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या उत्तरेत, यॉर्कशर आणि लँकशरमध्ये, रग्बी खेळणारे बरेचसे गडी कापड गिरण्यांत, कोळशाच्या खाणींत आणि गोदीत काम करणारे होते. सामने शनिवारी असत. शनिवारी सकाळची पाळी भरावी लागे. दुसऱ्या गावी सामना असला की पाळी बुडे आणि पैसे कापले जात. दक्षिणेतले खेळाडू बहुतेक महागड्या खासगी शाळांत आणि विद्यापीठांत शिकलेले, त्यांना ही अडचण कधी कळलीच नाही. 1893 साली यॉर्कशरच्या प्रतिनिधींनी रग्बी फुटबॉल युनियनच्या सभेत साधा ठराव मांडला : खेळण्यासाठी जेवढी मजुरी बुडेल तेवढी भरून द्या. खेळाचा मोबदला कुणी मागत नव्हते, फक्त खाड्याचे पैसे मागत होते. ठराव 136 विरुद्ध 282 मतांनी पडला.

29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. दिवसाला 6 शिलिंगांपर्यंत खाड्याची भरपाई देता येईल, असे नव्या संघटनेने ठरवले. हीच पुढची रग्बी लीग. तिचे नियम बदलत गेले, 1906पासून संघात 15 ऐवजी 13 खेळाडू आले आणि एका खेळाचे दोन झाले. मूळ घराने, म्हणजे रग्बी युनियनने, 15 खेळाडू ठेवले आणि सोवळेही ठेवले. लीगमध्ये पैसे घेऊन खेळलेल्याला युनियनचे दार जन्मभर बंद. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो खरे, पण हौशीपणाचा हा नियम ज्यांनी केला त्यांच्या घरची चूल शनिवारच्या पाळीवर पेटत नव्हती.

हे सोवळे शंभर वर्षे टिकले. ऑगस्ट 1995मध्ये, महिनाही तोच, रग्बी युनियन अधिकृतपणे व्यावसायिक झाली. त्यामागे उपरती कमी आणि टेलिव्हिजन जास्त होते. त्याच वर्षी रुपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या मंडळांशी 10 वर्षांसाठी जवळपास 55 कोटी अमेरिकन डॉलरचा करार केला होता. आता खेळाडू पगारी झाला. त्याच्याकडे करार आला, एजंट आला, संघटना आली. पण हा सारा डोलारा एका गृहीतावर उभा होता, तो म्हणजे सामना होणारच. सामना नाही तर तिकीट नाही आणि प्रक्षेपणाचे पैसेही नाहीत.

शनिवार, 14 मार्च 2020. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी जाहीर केले की देशात येणाऱ्या जवळपास प्रत्येकाने 14 दिवस विलगीकरणात राहायचे. पाच देशांतले 15 संघ विमानाने ये-जा करत खेळत असलेली सुपर रग्बी त्याच दिवशी थांबवण्याचा निर्णय झाला. त्याच दिवशी आणखी एक कार्यक्रम रद्द झाला. दुसऱ्या दिवशी, 15 मार्चला, क्राइस्टचर्चमध्ये अल नूर आणि लिनवुड मशिदींतल्या हत्याकांडाचे पहिले वर्ष पुरे होत होते. 51 शहीद. त्यांच्या स्मरणासाठी सारे शहर एकत्र यायचे होते, ते साथीमुळे राहून गेले. माझ्यासाठी या दोन बातम्या एकमेकींपासून सुटत नाहीत, आणि त्याला आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल.

आता पैशाचे. न्यूझीलंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंचा करार मध्यवर्ती मंडळाशी असतो आणि सगळ्यांच्या वतीने खेळाडूंची एकच संघटना बोलते. एप्रिलमध्ये दोघांनी बसून ठरवले की वर्षभरात खेळाडूंना जे द्यायचे उरले आहे त्यातला निम्मा भाग गोठवायचा. खेळ सुरू झाला, पैसे आले, तर पुन्हा हिशेब करायचा. रक्कम होती सुमारे अडीच कोटी न्यूझीलंड डॉलर. तोटा कुणालाच चुकला नाही (त्या वर्षी मंडळाला 3 कोटी 46 लाख डॉलरचा घाटा आला), पण तो वाटून घेताना समोरासमोर बसून कागद झाला. मला या सगळ्या इतिहासात हा कागद मोलाचा वाटतो. 1893च्या सभेत जे झाले नव्हते ते इथे झाले. ज्याची मजुरी बुडणार, तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला होता.

आणि मग सीमा बंद असल्यामुळेच एक नवी गोष्ट जन्माला आली. बाहेरचे संघ येऊ शकत नव्हते, म्हणून देशातल्याच पाच संघांची स्पर्धा आखली गेली : ऑकलंडचा ब्लूज, हॅमिल्टनचा चीफ्स, वेलिंग्टनचा हरिकेन्स, क्राइस्टचर्चचा क्रुसेडर्स आणि डनेडिनचा हायलँडर्स. 10 आठवडे, 20 सामने, नाव सुपर रग्बी आओतेआरोआ. आओतेआरोआ हे न्यूझीलंडचे माओरी नाव. सुरुवातीला रिकाम्या मैदानांचाच बेत होता. पण 8 जूनला देशातला शेवटचा रुग्ण बरा झाल्याचे जाहीर झाले, निर्बंध उठले, आणि 13 जूनला डनेडिनमध्ये 20,000हून अधिक माणसे खांद्याला खांदा लावून बसली. हायलँडर्सने चीफ्सला 28-27 असे हरवले. शेवटच्या मिनिटांत चेंडू जमिनीला टेकवून लाथेने खांबांमधून धाडणारा होता ब्रिन गॅटलंड, आणि समोरच्या चीफ्स संघाचे प्रशिक्षक होते त्याचे वडील वॉरन गॅटलंड! दुसऱ्या दिवशी ऑकलंडच्या ईडन पार्कवर सुमारे 43,000 प्रेक्षक. जगभर मैदाने ओस पडलेली असताना ही गर्दी टीव्हीवर पाहणाऱ्यांना स्वप्नासारखी वाटली असेल. आपल्याकडे महाराष्ट्रात मशिदी, मंदिरे त्यानंतर पाच महिन्यांनी, 16 नोव्हेंबरला उघडली.

घरातलेच पाच संघ आठवडोन्आठवडे एकमेकांशी भिडल्यामुळे सामने इतके चुरशीचे झाले की परदेश दौऱ्यांची गरजच काय, असे लोक बोलू लागले. खेळाडूंच्या शरीराला विचारले असते तर उत्तर वेगळे आले असते. दर आठवड्याला देशातल्या सर्वांत दणकट माणसांची टक्कर, आणि विश्रांती दोनच आठवडे. 11 ऑगस्टला, 102 दिवसांनंतर, ऑकलंडमध्ये पुन्हा स्थानिक रुग्ण सापडले. 16 ऑगस्टचा ईडन पार्कवरचा सामना, ज्याची सगळी तिकिटे खपली होती, रद्द झाला. विजेता मात्र आधीच ठरला होता. 9 ऑगस्टला हायलँडर्सला 32-22 असे हरवून क्रुसेडर्सने चषक घेतला.

ते दुसरे कारण म्हणजे हे नाव. क्रुसेडर्स, म्हणजे सलीबी जंगांतले योद्धे. 1996पासून हा संघ तलवार उगारलेल्या शिलेदाराचे चिन्ह मिरवत होता. घरच्या सामन्याआधी चिलखत घातलेले घोडेस्वार मैदानाला फेरी मारत. वाईट हेतूने कुणी हे केले असे मी म्हणणार नाही, इतिहासाचे अजाणपण पुरेसे असते. ज्या शहराचा हा संघ, त्याच शहरात मशिदींवर हल्ला झाला, आणि हल्लेखोराच्या डोक्यात त्याच जुन्या जंगांचे भूत होते. नावावर वाद झाला. घोडे थांबले. नोव्हेंबर 2019मध्ये निर्णय आला : तलवार आणि शिलेदार जातील, माओरी शैलीतले नवे चिन्ह येईल, नाव मात्र राहील. पुढची चर्चा व्हायला हवी होती ती 2020मध्ये, पण ते वर्ष करोनाने गिळले. नाव राहिले ते राहिलेच. त्याच मोसमात ब्लूज संघात ओफा तुंगाफासी हा टोंगन खेळाडू होता. क्राइस्टचर्चच्या जखमींना भेटायला तो सनी बिल विल्यम्सबरोबर रुग्णालयात गेला होता आणि त्याच दिवसांत त्याने कलमा पढला. क्रुसेडर्सच्या विरुद्ध मैदानात उतरणारा मुसलमान, असली शब्दांची गंमत इतिहासच करू शकतो.

सनी बिल विल्यम्स आपल्या वाचकांना माहीत असेल. 2017मध्ये त्याने ब्लूजच्या जर्सीच्या कॉलरवरचे बँकेचे नाव चिकटपट्टीने झाकले होते, कारण व्याजाच्या धंद्याची जाहिरात अंगावर नको. मंडळाने त्याचे म्हणणे मान्य केले. 2020मध्ये तो युनियन सोडून रग्बी लीगमध्ये, कॅनडाच्या टोरांटो वुल्फपॅक या क्लबात गेला होता. मार्चमध्ये स्पर्धा थांबली, जूनपासून खेळाडूंचे पगार थांबले, जुलैत क्लबाने मोसमातून अंग काढून घेतले. विल्यम्सला ऑस्ट्रेलियात दुसरा संघ मिळाला. त्याच्याइतके नाव नसलेल्यांची वणवण झाली. खाड्याच्या भरपाईसाठी जन्मलेल्या खेळातला हा क्लब!

इंग्लंडची तऱ्हा निराळी. तिथे रग्बी युनियनच्या प्रीमियरशिपमधले खेळाडू मंडळाचे नोकर नसतात, ज्या त्या क्लबाचे असतात, आणि हे क्लब साथीच्या आधीही बहुतेक तोट्यातच होते. मार्चच्या मध्यात स्पर्धा थांबताच क्लबांनी पगारात 25 टक्के कपात सुरू केली. पुढे प्रत्येक संघाच्या पगारखर्चाची कमाल मर्यादा 64 लाख पाउंडांवरून 50 लाखांवर आणायचे ठरले. तात्पुरती म्हटलेली कपात कायमची होते आहे, अशी खेळाडूंच्या संघटनेची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. लेस्टरने नव्या करारांवर सह्या मागितल्या तेव्हा काही खेळाडूंनी नकार दिला आणि क्लब सोडला. त्यात सामोआत जन्मलेला, इंग्लंडचा नावाजलेला मनू तुइलागी होता. वर्तमानपत्रांत त्यांच्यावर 'अशा काळातही पैसा' अशी टीका झाली. मला ती पटत नाही. रग्बीतली कारकीर्द गुडघ्याच्या एका दुखापतीवर टांगलेली असते. करार हीच त्याची शेती आणि करार हीच त्याची पेन्शन.

14 ऑगस्टला खेळ रिकाम्या मैदानांत पुन्हा सुरू झाला. उरलेल्या नऊ फेऱ्या उरकण्यासाठी शनिवार-रविवारच्या जोडीला आठवड्याच्या मधल्या वारीही सामने ठेवले. ऑक्टोबरमध्ये सेल क्लबात एकापाठोपाठ 27 खेळाडू व कर्मचारी बाधित निघाले. वुस्टरविरुद्धचा शेवटचा सामना त्यांना सोडावा लागला, वुस्टरला न खेळता 20-0 असा विजय मिळाला, आणि सेलची बाद फेरी हुकली. लगेच चौकशी लागली : नियम कुणी मोडला? बाधिताला आरोपी ठरवण्याची ही घाई आपण त्याच वर्षी तबलिगी जमातच्या निमित्ताने भोगली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे ऑगस्टमध्ये रद्द केले, तेव्हा त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, असे निकालात म्हटले होते.

सरकारने मग कर्जे दिली. त्या योजनेतून रग्बी युनियनच्या क्लबांना 12 कोटी पाउंडांहून अधिक कर्ज गेले. खेळ वाचला म्हणून सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पण कर्जाने खाडा भरून निघत नाही, तो फक्त पुढच्या तारखेवर ढकलला जातो. आधीचा तोटा, थकलेला कर आणि हे नवे ओझे, सगळे मिळून 2022च्या शरद ऋतूत अंगावर आले. सप्टेंबरच्या अखेरीस वुस्टर निलंबित झाला. 5 ऑक्टोबरला न्यायालयाने खेळाडूंचे करार ज्या कंपनीच्या नावे होते तीच कंपनी मोडीत काढली आणि सगळे करार एका क्षणात संपले. 17 ऑक्टोबरला 1867 सालचा वॉस्प्स हा क्लब बुडाला. दोन वर्षांपूर्वी, साथ ऐन भरात असताना, तो अंतिम सामना खेळला होता. त्या एका दिवशी तिथले 167 खेळाडू, प्रशिक्षक आणि कर्मचारी घरी गेले. पुढच्या जूनमध्ये लंडन आयरिशही निलंबित झाला. प्रीमियरशिपमधले 13 क्लब 10वर आले.