जुहूला उतरलेली जेट विमाने

१५ जुलै १९५३. बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमान मुंबईत सांताक्रूझला उतरायचे होते. ते उतरले जुहूला.

कॉमेट म्हणजे जगातले पहिले प्रवासी जेट. त्याची नियमित सेवा २ मे १९५२ रोजी लंडन ते जोहान्सबर्ग या मार्गावर सुरू झाली होती, म्हणजे या घटनेच्या जेमतेम चौदा महिने आधी. जुहूचा विमानतळ मात्र निराळ्याच युगातला. विमान सुखरूप थांबले. त्या धावपट्टीवरून ते पुन्हा हवेत गेले नऊ दिवसांनी. ही गोष्ट सांगताना लोक सहसा उतरण्याच्या चुकीपाशी थांबतात, पण तिचा अवघड भाग त्या नऊ दिवसांनंतरचा आहे.

आधी जागा समजून घेतली पाहिजे. जुहूचा विमानतळ १९२८चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथेच उतरले, ते पस मॉथ या एका टनाहूनही कमी वजनाच्या विमानातून. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई आणि टाटांच्या टपालसेवेला मुक्काम पुण्याला, येरवड्याला हलवावा लागे. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला लष्करी विमानतळ उभा राहिला, आणि युद्धानंतर मोठी नागरी वाहतूक तिकडे गेली. जुहू उरले ते छोट्या विमानांसाठी आणि उड्डाण शिकणाऱ्यांसाठी.

नकाशावर पाहिले तर दोन्ही विमानतळ एकमेकांपासून तीन-साडेतीन किलोमीटरवर. दोहोंच्या मुख्य धावपट्ट्या जवळपास पूर्व-पश्चिम, दिशेत फरक सुमारे दहा अंशांचा. जुहू समुद्राला लागून, सांताक्रूझ त्याच्या मागे पूर्वेला. अरबी समुद्रावरून पूर्वेकडे येणाऱ्या वैमानिकाला किनारा ओलांडताच पहिली धावपट्टी दिसते ती जुहूची, आणि ती अपेक्षित दिशेलाच असते. ज्याला मुंबईत एकच विमानतळ असल्याचे गृहीत धरून यायचे आहे, त्याने दुसरी का शोधावी? लांबीचा अंदाजही वरून नीट येत नाही, कारण लहान आणि अरुंद धावपट्टी दुरून पाहिली तर लांबरुंद धावपट्टीसारखीच भासते. दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात कमी झाल्या की डोळा ‘जवळचे लहान’ आणि ‘लांबचे मोठे’ यांत गफलत करतो.

आजच्या नोंदीनुसार जुहूची मुख्य धावपट्टी ११४३ मीटरची आहे. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी आज तिच्या सुमारे तिप्पट भरते.

मग कॉमेट थांबले कसे? याचे अर्धे उत्तर नियमांतच आहे. प्रवासी जेटला अमुक लांबीची धावपट्टी लागते असे म्हणतात, तेव्हा त्या आकड्यात मोठी राखीव जागा धरलेली असते. आजचा रुळलेला नियम असा, की धावपट्टीच्या टोकावरून सुमारे पंधरा मीटर उंचीवरून आलेले विमान कोरड्या पट्टीच्या साठ टक्क्यांत थांबवता आले पाहिजे. म्हणजे चाचणीत एखादे विमान १२०० मीटरमध्ये थांबत असेल, तर त्याच्यासाठी २००० मीटरची पट्टी मागितली जाते. उरलेले ८०० मीटर असतात माणसाच्या चुकांसाठी, उशिरा टेकलेल्या चाकांसाठी, गुळगुळीत झालेल्या टायरांसाठी. आखूड पट्टीवर उतरणारा वैमानिक ही शिल्लक खर्च करत असतो. जुहूला उतरणाऱ्याची अडचण इतकीच, की आपण ती खर्च करतो आहोत हे त्याला चाके टेकेपर्यंत ठाऊकच नसते.

उरलेले अर्धे उत्तर वेगात आहे. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग दहा टक्के जास्त, तर ब्रेकांना पचवावी लागणारी ऊर्जा एकवीस टक्के जास्त. कॉमेटच्या पंखांचा विस्तार त्याच्या वजनाच्या मानाने ऐसपैस होता. नंतरच्या मोठ्या जेटांच्या तुलनेत पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर भार कमी, म्हणून उतरण्याचा वेगही कमी. इंजिनाचा रेटा उलटा फिरवून विमान अडवण्याची सोय या पहिल्या कॉमेटांत नव्हती, पण एवढ्या वजनाला ब्रेक पुरे पडले.

आता ते नऊ दिवसांनंतरचे उड्डाण. उतरताना ब्रेक मदतीला असतात आणि शिल्लक जागाही. उड्डाणाच्या वेळी वैमानिकाजवळ फक्त इंजिने असतात. कॉमेटच्या चार घोस्ट इंजिनांचा एकत्रित रेटा सुमारे नऊ टन आणि पूर्ण भरलेल्या विमानाचे वजन पन्नास टनांच्या आतबाहेर. उष्ण हवेत जेट इंजिनाचा रेटा आणखी घटतो, आणि मुंबईत थंड हवा मिळण्याची आशा जुलैतही नसते.

त्यातून कॉमेटचा इतिहास याच बाबतीत वाईट होता. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी रोममध्ये एक कॉमेट उड्डाणासाठी धावले आणि हवेत न जाताच पट्टी ओलांडून गेले. कुणी दगावले नाही. ठपका वैमानिकावर आला आणि त्याला मालवाहू विमानांवर धाडण्यात आले. ३ मार्च १९५३ रोजी कराचीत तसेच घडले. कॅनडाच्या कंपनीने नुकतेच घेतलेले ते विमान पट्टीपलीकडे जाऊन कोसळले आणि आतले अकराही जण मरण पावले. दोन्हीकडे कारण एकच होते. धावताना नाक जरा जास्त वर उचलले की कॉमेटचा पंख उचल देण्याऐवजी हवेला नुसता अडवू लागे. मग वेग वाढेना, आणि वेग वाढेना म्हणून विमान उठेना. पुढे डी हॅविलंड कंपनीने पंखाच्या पुढच्या कडेचा आकार बदलला. या बदलाने रोमच्या वैमानिकाची बाजू, उशिरा का होईना, बरीचशी खरी ठरवली.

हे दोन्ही अपघात पूर्ण लांबीच्या धावपट्ट्यांवर झाले होते. जुहूच्या कॉमेटपुढे पट्टी होती तिच्याहून कितीतरी आखूड. आखूड पट्टीवर वैमानिकाला सर्वांत मोठा मोह होतो तो नाक लवकर उचलण्याचा. शेवट समोर दिसत असतो आणि हात आपोआप मागे ओढला जातो. कॉमेटमध्ये नेमका हाच मोह आवरायचा होता.

अशा प्रसंगी हाताशी उपाय एकच: वजन. विमान हलके केले की दोन फायदे एकदम होतात. हवेत उठण्यासाठी लागणारा वेग कमी होतो, आणि त्याच रेट्याने तो वेग लवकरही गाठता येतो. म्हणून ढोबळ हिशेबाने उड्डाणाचे अंतर वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. वजन वीस टक्के कमी केले, तर अंतर एक तृतीयांशाहून अधिक कमी होते. सांताक्रूझ हाकेच्या अंतरावर असताना लंडनपर्यंतचे इंधन भरण्याचे कारण नसते, आणि प्रवासी तर मोटारीनेही तिथे पोचतात.

बीओएसीचे विमान जुहूहून निघाले आणि तो विषय संपला. कॉमेटचे दुर्दैव संपले नाही. पुढच्या वर्षी, १९५४च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली आणि त्या पहिल्या पिढीची प्रवासी सेवा तिथेच थांबली. त्यापुढे जुहूची आठवण कोण ठेवणार?

चुकीच्या धावपट्टीची भूल मुंबईपुरती नव्हती. २५ ऑक्टोबर १९६० रोजी पॅन अ‍ॅमचे बोइंग ७०७ लंडनच्या हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टच्या लष्करी विमानतळावर उतरले. तिथली पट्टी सुमारे १७०० मीटरची. दोन्ही विमानतळांच्या वाटेवर वायूच्या एकेक प्रचंड टाक्या होत्या आणि वैमानिक त्यांना खुणेचा दगड मानत. टाक्या दिसायला सारख्याच. शेवटी साउथ हॅरोच्या टाकीवर नॉर्थोल्टची, तर साउथॉलच्या टाकीवर हीथ्रोची आद्याक्षरे रंगवण्यात आली. जेटयुगाच्या ऐन भरात वैमानिकांसाठी दुकानासारखी पाटी लावावी लागली, ही नोंद गमतीची खरी, पण उपाय अचूक होता. डोळ्याने केलेली चूक डोळ्यालाच दाखवून दिली.

जुहूला १९७२ साली ही भूल महागात पडली. २४ सप्टेंबरला जपान एअरलाइन्सचे डीसी-८ जातीचे विमान, युरोपाकडून टोकियोकडे जाताना, सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. कॉमेटच्या आणि याच्या मध्ये वीस वर्षांचे अंतर होते. लांबी शेहेचाळीस मीटरच्या घरात, उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सव्वाशे टनांहून अधिक, आणि उतरण्याचा वेगही कॉमेटहून जास्त. या जातीचे जेट ताशी २४० किलोमीटरच्या आसपास वेगाने पट्टीवर येते असे धरले, तर एका सेकंदात ते सदुसष्ट मीटर जाते. चाके टेकायला पाच सेकंदांचा उशीर झाला, तर जुहूची तिसऱ्या हिश्श्याजवळ पट्टी हवेतच संपते. विमान पट्टीत मावले नाही, टोक ओलांडून पुढे गेले. आतल्या शंभराहून अधिक लोकांपैकी काही जखमी झाले, मृत्यू एकही झाला नाही. विमान मात्र दुरुस्तीपलीकडे गेले होते आणि त्याने पुन्हा उड्डाण केले नाही.

त्या कंपनीसाठी ते वर्षच काळे होते. जूनमध्ये तिचे डीसी-८ दिल्लीजवळ कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली होती, आणि नोव्हेंबरमध्ये मॉस्कोला उड्डाणानंतर लगेच कोसळलेल्या डीसी-८मध्ये साठाहून अधिक. या दोन घटनांच्या मधोमध जुहू येते आणि त्यामुळेच बहुधा विस्मृतीत जाते. प्रेतांची मोजदाद नसलेला अपघात इतिहासात फार काळ टिकत नाही.

उपग्रहांच्या साह्याने दिशा शोधण्याच्या काळातही ही चूक संपलेली नाही. नोव्हेंबर २०१३मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, विचिटा शहरी, ड्रीमलिफ्टर नावाचे सुधारित बोइंग ७४७ लष्करी तळाऐवजी जबारा या छोट्या विमानतळावर उतरले. रात्रीची वेळ आणि पट्टी १८६० मीटरची. दुसऱ्या दिवशी ते तिथून सुखरूप उडाले. जुहूचे नऊ दिवस आता एका दिवसावर आले होते, कारण इंजिने दुबळी राहिली नव्हती आणि वजन-अंतराचे हिशेब तासाभरात होत होते.

जाणूनबुजून असे उतरणेही झाले आहे. ८ मार्च २०१५ रोजी क्वांटासने आपले पहिले बोइंग ७४७-४००, ज्याने १९८९ साली लंडन ते सिडनी विनाथांबा प्रवास केला होता, ऑस्ट्रेलियातल्या इलावारा येथील संग्रहालयाला दिले. तिथली पट्टी १८१९ मीटर लांब आणि अवघी तीस मीटर रुंद. विमानाच्या बाहेरच्या दोन इंजिनांमधले अंतरही त्याहून जास्त भरते. पण सिडनीहून उड्डाण काही मिनिटांचे, विमान जवळजवळ रिकामे, आणि शिल्लक किती खर्च होणार हे वैमानिकांनी आधीच मोजलेले. उड्डाणाचा हिशेब कुणीच मांडला नाही. ते विमान तिथून पुन्हा उडणार नव्हते.