दिनविशेष : 21 एप्रिल – शिवसुमनाची नोंद करणारे डाल्झेल

वनस्पतिशास्त्रज्ञ निकोल अलेक्झांडर डाल्झेल यांचा जन्म 21 एप्रिल 1817 रोजी एडिनबर्ग येथे झाला. 1862मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. त्याच दशकात त्यांनी जुन्नरजवळच्या डोंगरांतली एक वनस्पती शास्त्राला नवी म्हणून नोंदवली आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. तीच आपली शिवसुमन.

ही माकडशिंगीच्या गोतातली. पण माकडशिंगीला पाने जवळपास नसतातच. शिवसुमन मात्र पावसात मांसल खोडावर चांगली रुंद पाने धरते आणि उन्हाळ्यात गाळून टाकते. फूल किरमिजी, त्यावर पिवळे ठिपके. शिवनेरी, पुरंदर अशा गडांच्या कड्यांतल्या फटींत ती तग धरून आहे. महाराष्ट्राबाहेर निसर्गात कुठेच नाही. तिच्या वर्गीकरणाचा वाद आजही चालतो. अनेक अभ्यासक तिला ‘बाउसेरोसिया’ या प्रजातीत घालतात. असा फेरविचार शक्य होतो तो जपून ठेवलेल्या नमुन्यांमुळे आणि नोंदींमुळेच.

म्हणूनच जिंतूरच्या डोंगरांत भटकणाऱ्या विद्यार्थ्यांनी अनोळखी झाड दिसले तर ते उपटू नये. फोटो काढावा, जागा आणि तारीख टिपावी आणि ही नोंद आपल्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवावी.